नजर तिकडे, लक्ष कुठे?

"माझा भाऊ तिशीत आहे, इंजिनिअर आहे, ऑटिस्टिक आहे. चारचौघांत त्याला डोळ्यांनी कितीही खुणावलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला नजर वाचताच येत नाही का?"

ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्नतेवर बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला अशा धाटणीचा प्रश्न कधी ना कधी येतो. विचारणारी बहीण असते, बायको असते, कधी ऑफिसातली वरिष्ठ असते. लगेच "हो" म्हणणारे बरेच भेटतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले प्रयोग मात्र तितक्या सहज "हो" म्हणू देत नाहीत.

1. एका खुणेत किती गोष्टी असतात

घरी पाहुणे आलेत. बशीतला चिवडा संपलाय. आई बशीकडे बघते, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग मुलाकडे. मुलगा उठतो आणि डबा घेऊन येतो. एक शब्द बोलला गेला नाही, तरी निरोप पोचला.

तो पोचण्यासाठी काय काय व्हावं लागलं ते बघू. आईने डोळे वळवले त्या क्षणी मुलाची नजर तिच्या चेहऱ्याच्या आसपास असायला हवी. मग बुबुळं नेमकी कोणत्या बाजूला सरकली ते त्याला दिसायला हवं. मग त्याचं लक्ष त्या बाजूला जायला हवं. आणि शेवटी, ती दाराकडे का बघतेय हे उमगायला हवं. दार बघण्यासारखं आहे म्हणून ती बघत नाहीये, दारापलीकडे डबा आहे म्हणून बघतेय.

प्रश्नातल्या भावाची साखळी यांपैकी कुठल्याही कडीपाशी तुटू शकते. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं: खुणावलं, त्याला कळलं नाही. शास्त्रज्ञांचं काम म्हणजे या कड्या सुट्या करून एकेक तपासणं.

2. डोळ्यांचा पांढरा भाग

माणसाच्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं क्षेत्र ठळक दिसतं. 1997 मध्ये कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी माणसाचे डोळे इतर अनेक माकडा-वानरांच्या डोळ्यांशी ताडून बघितले. बहुतेक प्रजातींमध्ये हा भाग गडद असतो किंवा फारसा उघडा नसतो, त्यामुळे ते जनावर कुठे बघतंय हे दुरून सांगणं अवघड जातं. माणसाचं उलट आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाची नजर दाराकडे गेली की घड्याळाकडे, हे आपण सांगू शकतो.

काही महिन्यांची बाळंही समोरच्याच्या नजरेच्या दिशेला डोळे वळवतात, असं प्रयोगांत दिसलंय. ही इतकी लवकर येणारी गोष्ट आहे म्हणूनच ऑटिझमच्या अभ्यासकांनी तिच्यावर लक्ष ठेवलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी तर 1995 च्या 'माइंडब्लाइंडनेस' या पुस्तकात असं मांडलं की मेंदूत डोळ्यांची दिशा ओळखणारी एक वेगळी यंत्रणाच आहे. ऑटिस्टिक मुलांमध्ये ती शाबूत असते, पण 'आपण दोघं एकाच गोष्टीकडे बघतोय' हे जाणणारी पुढची यंत्रणा अडखळते, असं त्यांचं म्हणणं होतं. शाबूत असलेल्या यंत्रणेबद्दलचा हा अर्धा भाग पुढे बहुतेक वाचक विसरून गेले.

3. पडद्यावरचा चेहरा

लक्ष कुठे गेलं हे मोजायची एक साधी रीत आहे. ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी 1980 च्या सुमारास रुळवली. पडद्याच्या मधोमध बघत राहायचं आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका उगवला की बटण दाबायचं. ठिपका उगवण्याआधी एक खूण दिसते. खुणेने दाखवलेल्या बाजूलाच ठिपका आला आणि बटण लवकर दाबलं गेलं, तर लक्ष आधीच तिथे पोचलं होतं असं समजायचं.

1998 मध्ये फ्रीझन आणि किंग्स्टन यांनी खूण म्हणून एक रेखाटलेला चेहरा वापरला. गोल, दोन डोळे, नाक, तोंड, बस्स. बुबुळं डावीकडे किंवा उजवीकडे सरकतात. भाग घेणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की या नजरेला काही अर्थ नाही, ठिपका कुठेही येईल. तरीही नजरेच्या बाजूला आलेला ठिपका लोकांना लवकर सापडत होता.

समजा, नजरेच्या बाजूला ठिपका आला तर तुम्ही 330 मिलिसेकंदांत बटण दाबता आणि उलट बाजूला आला तर 345. हे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत, पण अशा प्रयोगांत फरक साधारण एवढाच, दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून तो अनुभवाला येत नाही, फक्त शेकडो वेळा मोजून सरासरी काढली की दिसतो.

पुढच्या वर्षी जॉन ड्रायव्हर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी लोकांना सांगितलं की शोधायचं चिन्ह नजरेच्या उलट बाजूला असण्याची शक्यता चौपट आहे. म्हणजे चेहरा उजवीकडे बघत असेल तर शहाण्याने डावीकडे लक्ष द्यावं. तरी पहिल्या क्षणी लक्ष नजरेमागेच गेलं. ही ओढ आपल्या मर्जीवर चालत नाही.

मग बाणांचं काय? सुरुवातीला वाटलं होतं की बाण ही शिकलेली खूण आहे, तिच्यामागे लक्ष आपोआप जाणार नाही. 2002 मध्ये हा समज मोडला. निरर्थक बाणही लक्ष ओढून नेतो. तेव्हा डोळ्यांमध्ये बाणापेक्षा वेगळं असं नेमकं काय आहे, हा वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. ऑटिझमच्या प्रयोगांमध्ये डोळे आणि बाण अशी जोडी सतत दिसते ती यामुळेच. एक खूण माणसाची, दुसरी वस्तूची. माणसांशीच अडचण असेल तर बाण चालायला हवा आणि डोळे चालू नयेत.

4. तोच पडदा, ऑटिस्टिक प्रौढ

2005 मध्ये येलेना रिस्टिक आणि त्यांच्या गटाने हा प्रयोग सामान्य बुद्धिमत्तेच्या ऑटिस्टिक व्यक्तींवर केला. नजर निरर्थक असताना त्यांचं लक्ष तिच्यामागे गेलं नाही. पण नजर खरी माहिती देत होती, म्हणजे चेहरा बघतो तिथेच ठिपका बहुतेक वेळा येत होता, तेव्हा तेही इतरांसारखेच तिचा उपयोग करू लागले. म्हणजे दिशा दिसत होती आणि वापरताही येत होती, फक्त ओढ आपोआप लागत नव्हती. संशोधकांनी निष्कर्ष काढला की डोळे खास असतात, पण सगळ्यांसाठी नाही.

इथेच थांबता आलं असतं तर हे प्रकरण फार सोपं झालं असतं. पण 2010 मध्ये गुस्ताव कून यांच्या गटाने ऑटिस्टिक प्रौढांच्या डोळ्यांच्या हालचालीच मोजल्या. काम होतं समोर येणाऱ्या लक्ष्याकडे नजर टाकायचं. त्याआधी मध्ये डोळे किंवा बाण दिसायचे, कधी बरोबर बाजूला, कधी चुकीच्या. चुकीच्या खुणेने दोन्ही गटांना सारखंच फसवलं. त्यांचे डोळे चुकीच्या बाजूला उडी मारत, किंवा बरोबर बाजूला पण उशिरा. ऑटिस्टिक प्रौढ नजरेलाही फसले आणि बाणालाही, अगदी इतरांइतकेच.

मग खरं कोणाचं? त्याआधीच, 2008 मध्ये, केट नेशन आणि सोफिया पेनी यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साध्या पडद्यावरच्या प्रयोगांत ऑटिस्टिक व्यक्ती बहुधा नजरेमागे जातात. फरक दिसतो तो बारकाव्यांत. जपानमध्ये अत्सुशी सेंजू यांनी मुलांवर केलेल्या प्रयोगात हा बारकावा चांगला पकडलाय. खूण उलट बाजूची असते हे ठाऊक असताना इतर मुलं बाणापेक्षा डोळ्यांना जास्त भुलली. ऑटिस्टिक मुलांना मात्र डोळे काय आणि बाण काय, दोन्ही सारखेच. बघणाऱ्याच्या मनात डोळ्यांना जो अग्रमान असतो तो इथे दिसत नाही, पण दिशा ओळखण्यात कमतरताही दिसत नाही.

5. हवेत गायब झालेला चेंडू

या सगळ्या साहित्यातला माझा सर्वांत आवडता प्रयोग जादूचा आहे. गुस्ताव कून हे मानसशास्त्रज्ञ आहेत तसेच जादूगारही आहेत, आणि तो प्रयोग त्यांना सुचला यात नवल नाही.

जादूगार बसलाय. तो एक छोटा चेंडू सरळ वर उडवतो आणि झेलतो. परत उडवतो, परत झेलतो. तिसऱ्या वेळी हात तसाच वर झेपावतो, मान वर होते, डोळे चेंडूच्या मागे छताकडे जातात. चेंडू मात्र मुठीतच असतो. बघणाऱ्याला काय दिसतं? 2006 मध्ये कून आणि मायकेल लँड यांनी हे तपासलं तेव्हा साधारण दोन-तृतीयांश लोकांनी छातीठोकपणे सांगितलं की चेंडू वर गेला आणि वरच कुठेतरी नाहीसा झाला. मग त्यांनी तोच खेळ एका फरकासह दाखवला: तिसऱ्या वेळी जादूगार वर न बघता स्वतःच्या हाताकडे बघतो. आता फसणारे एक-तृतीयांशावर आले. हाताची हालचाल तीच होती. बदलली होती ती नजर.

गंमत अशी की फसलेल्यांचे डोळे रिकाम्या जागी गेलेच नव्हते. चेंडू उडवताना ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्याच्या नजरेवरून चेंडू वर गेल्याचं ठरवून मोकळे झाले होते.

यावरून कोणीही सरळ तर्क करेल. हा भ्रम समोरच्याच्या नजरेवर चालतो. ऑटिस्टिक माणूस नजरेला कमी महत्त्व देतो, वस्तूंचे तपशील बारकाईने बघतो. म्हणजे तो फसणार नाही. कून, अनास्तासिया कुर्कुलू आणि स्यू लीकम यांनी नेमकं हेच भाकीत केलं आणि 2010 मध्ये निकाल छापला तो बरोबर उलटा. ऑटिस्टिक प्रेक्षक इतरांपेक्षा जास्त फसले.

डोळ्यांच्या नोंदी बघितल्यावर कारण हाती लागलं. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे आणि डोळ्यांकडे इतरांइतकंच बघत होते. पण चेहऱ्याकडे पहिली नजर जायला त्यांना थोडा जास्त वेळ लागत होता, आणि खरोखर उडालेल्या, वेगाने जाणाऱ्या चेंडूवर नजर टिकवणंही त्यांना जड जात होतं. फरक चेहऱ्यापुरता नव्हता, चेंडूच्या बाबतीतही होता. लक्ष झटकन एकीकडून दुसरीकडे नेण्याचं काम किंचित मागे पडत होतं.

'ऑटिस्टिक लोकांना माणसांत रस नसतो' हे वाक्य ज्यांना फार पटतं त्यांनी हा निकाल नीट वाचावा. जादूगाराच्या नजरेने त्यांना फसवलं, कारण त्यांनी ती नजर बघितली होती.

6. भिंतीवरचं चित्र

पडद्यावर एकच चेहरा असतो. आवाज नाही, गर्दी नाही, पुढच्या खुणेची वाट बघण्यापलीकडे काम नाही. आरटीओच्या मैदानावर दुचाकीने आठाचा आकडा काढून परवाना मिळवणारा माणूस संध्याकाळी सहा वाजता सिंहगड रस्त्यावर उतरला की काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. दोन्हीकडे गाडी तीच आणि चालवणाराही तोच असतो.

तसा रस्ता प्रयोगशाळेत आणायला येल विद्यापीठातल्या अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांच्या गटाने 1966 चा 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' हा चित्रपट निवडला. एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन. चार माणसं एका खोलीत रात्रभर भांडतात, म्हणजे चेहरे, हातवारे आणि तिरक्या नजरांची खाण. प्रेक्षकांच्या नजरेची नोंद ठेवणारं यंत्र लावून त्यांनी 2002 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक तरुण पात्रांच्या डोळ्यांकडे इतरांपेक्षा बरंच कमी बघतात, आणि तोंडाकडे व वस्तूंकडे जास्त.

त्यातला एक प्रसंग फार बोलका आहे. तरुण पाहुणा भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवतो आणि ते कोणी काढलं असं विचारतो. भिंतीवर एकापेक्षा जास्त चित्रं आहेत. सामान्य प्रेक्षकाची नजर बोटाच्या रोखाने थेट त्याच चित्रावर जाते, तिथून उत्तर देणाऱ्याकडे. ऑटिस्टिक प्रेक्षकाची नजर बोटाबरोबर हललीच नाही. 'चित्र' हा शब्द कानावर पडल्यावर ती भिंतीकडे वळली आणि या चित्रावरून त्या चित्रावर फिरत राहिली. तोवर संवाद पुढे निघून गेला होता.

नंतर त्याच प्रेक्षकाला बोट दाखवण्याचा अर्थ विचारला. त्याने तो बिनचूक सांगितला.

ज्ञान होतं, पण ते मागितल्यावरच बाहेर येत होतं. चालू प्रसंगात, भोवती तीन माणसं बोलत असताना, ते आपणहून कामाला लागलं नाही. प्रश्नातला इंजिनिअर भाऊ आईच्या खुणेचा अर्थ दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावून सांगू शकेल, आणि म्हणूनच घरच्यांना वाटतं की काल त्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं. ऑटिस्टिक प्रौढांच्या वाट्याला येणाऱ्या गैरसमजांपैकी हा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो.

7. तो तिकडे का बघतोय?

साखळीची शेवटची कडी अर्थाची. 2005 मध्ये केविन पेल्फ्री आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांचे मेंदू स्कॅनरमध्ये बघितले. पडद्यावर एक चेहरा, त्याच्या शेजारी अचानक एक चौकड्यांचा चौकोन उगवतो. कधी चेहरा चौकोनाकडे बघतो, कधी रिकाम्या जागेकडे. पहिलं अपेक्षित आहे, दुसरं विचित्र. समोर काही चमकलं आणि हा भलतीकडेच का बघतोय?

कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या एका लांब खाचेत हालचालींचा हेतू हाताळणारा भाग असतो. इतरांमध्ये विचित्र नजरेच्या वेळी तो भाग जास्त काम करताना दिसला. ऑटिस्टिक प्रौढांमध्येही तोच भाग जागा झाला, पण अपेक्षित आणि विचित्र नजरेत त्याने फरक केला नाही. नजर हलली याची नोंद झाली, ती अपेक्षेविरुद्ध हलली याची वेगळी नोंद झाली नाही. हा प्रयोग मोजक्या लोकांवरचा आहे, पण चिवड्याच्या डब्याचा प्रश्न नेमका याच जागी येतो.

8. डोळ्याला डोळा

इथे एक उपप्रश्न हमखास येतो: मग ते डोळ्यांत बघायचं टाळतात का? कित्येक ऑटिस्टिक प्रौढ स्वतः सांगतात की डोळ्यांत बघणं त्यांना त्रासाचं वाटतं, किंवा बघत राहिलं तर बोलणं डोक्यात शिरत नाही. जॉन एल्डर रॉबिसन यांच्या 2007 च्या आत्मकथनाचं नावच 'लुक मी इन द आय' आहे. लहानपणी त्यांना सतत ऐकावी लागलेली ती आज्ञा. 2017 मध्ये नूशिन हाजिखानी यांच्या गटाने ऑटिस्टिक व्यक्तींना चेहऱ्यातल्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावली, तेव्हा मेंदूच्या खोल भागातली, भीती-सावधपणाशी निगडित यंत्रणा प्रमाणाबाहेर पेटली. मात्र त्याच वर्षी दोन वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात डोळे टाळण्याची खूण सापडली नाही. डोळे त्यांना महत्त्वाचे वाटत नव्हते, एवढंच. प्रौढांतली टाळाटाळ ही वर्षानुवर्षांच्या "इकडे बघ, माझ्याकडे बघ"मधून साचलेली असावी, असं मला वाटतं. ते सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसएए या चाळीस कलमांच्या भारतीय मोजपट्टीत पहिलंच कलम डोळ्याला डोळा कमी देण्याचं आहे. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं उद्धटपणा समजला जातो, तिथे हे कलम भरताना तपासणाऱ्याने थोडं थांबावं, एवढंच.

9. मग घरी काय करायचं

बाण चालतो. शब्द चालतात. आधी नाव घेऊन हाक मारली, त्याची नजर आपल्याकडे आल्यावर बोट दाखवलं आणि वस्तूचं नाव उच्चारलं, तर वरच्या साखळीतल्या जवळजवळ सगळ्या कड्या एकदम जोडल्या जातात. "दादा, आतून चिवड्याचा डबा आण" हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलण्यात कमीपणा काही नाही. ऑफिसात "ते बघ जरा" म्हणून मॉनिटरकडे हनुवटी उडवण्यापेक्षा "तिसऱ्या ओळीतला आकडा" असं सांगितलं तर इतर सहकाऱ्यांचाही वेळ वाचतो. आणि बोलल्यावर क्षणभर थांबायचं. जादूच्या प्रयोगातला उशीर थोडासाच असला, तरी पहिली खूण पोचायच्या आत दुसरी फेकली की दोन्ही वाया जातात.

2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, एक मुद्दा मांडला. न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांच्या खुणा उशिरा कळतात तसंच इतरांना त्याच्या खुणा कळत नाहीत. तो खिडकीबाहेर बघत पूर्ण लक्ष देऊन ऐकत असतो आणि समोरचा म्हणतो, याचं लक्षच नाही. नजरेवरून चुकीचा अर्थ इथे कोणी काढला?

राहता राहिली एक अडचण. वरचे बहुतेक प्रयोग नीट बोलू शकणाऱ्या, सामान्य किंवा त्याहून वरच्या बुद्धिमत्तेच्या व्यक्तींवर झालेत, आणि त्यांत पुरुष जास्त आहेत. शिवाय सगळे निकाल सरासरीचे आहेत. गटातला एखादा नजरेमागे इतरांहूनही पटकन जात असतो आणि सरासरीत तो दिसत नाही. न बोलणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांबद्दल हे निकाल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. स्कॅनरमध्ये स्थिर पडून राहणं किंवा बटणावर बोट ठेवून तीनशे ठिपक्यांची वाट बघणं त्यांच्यातल्या अनेकांना शक्य नसतं. आता चष्म्यात बसवलेली नजर-नोंद यंत्रं आली आहेत. ती घालून माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर बसू शकतो.